आमची पण एक स्टेशन डायरी

मी पेशानं अकाउंटंट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझी खोड कळेल. कुणी म्हणालं पैसे भरले, की माझ्या तोंडून आधी निघतं, पावती कुठाय. तर गेली साडेतीन वर्षं आमच्या वस्तीत पोलिसांच्या मनमानीबद्दल आम्ही आठ-दहा जण जे काही थोडंफार करतोय त्यात माझं काम एवढंच, वही सांभाळायची. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आता तिसरी चालू आहे. रिक्षावाल्या काकांनी एकदा गमतीत तिला 'आपली स्टेशन डायरी' म्हटलं (ठाण्यात रोजच्या घडामोडी ज्यात नोंदतात ते रजिस्टर) आणि तेच नाव पडलं.

सुरुवात कशी झाली तर वस्तीतला एक पोरगा, एकोणीस वर्षांचा, रात्री साडेदहाला मोबाईल चोरीच्या संशयावरून उचलला. दोघं जण साध्या कपड्यात होते, एक वर्दीत. आईनं विचारलं कुठं नेताय तर 'येतो अर्ध्या तासात' म्हणाले. पहाटे पाचला सोडला. कान सुजलेला, चालताना लंगडत होता आणि मोबाईल त्याचाच ठेवून घेतलेला (चोरीच्या मोबाईलचा काही पत्ता नाही, ह्याचाच गेला, बोला आता). मी आणि निवृत्त मास्तर सकाळी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार अगदी सभ्यपणे बोलले, खुर्ची दिली, रजिस्टर उघडल्यासारखं केलं आणि म्हणाले, असं कुणाला रात्री आणलंच नव्हतं मॅडम.

मास्तर चिडले, मला मात्र कौतुकच वाटलं खरं तर, इतकं स्वच्छ काम. अटक नाही, नोटीस नाही, डायरीला नोंद नाही, म्हणजे ती साडेसहा तासांची रात्र झालीच नाही. हिशेबात असं असतं ना की व्यवहार रोखीत झाला, पावती फाडली नाही, की तो व्यवहार सिद्ध करायची जबाबदारी ज्याचे पैसे गेले त्याच्यावर. इथं कान सुजलेल्या पोरावर.

आणि आईचं म्हणणं, "ताई, सोडलं ना, हातपाय शाबूत आहेत ना, बास. आता नका वाढवू."

तिचं काय चुकलं? काहीच नाही. आपण रविवारी मीटिंगला जातो आणि घरी येतो, तिला त्याच गल्लीत राहायचंय, त्याच चौकीसमोरून रोज कामाला जायचंय आणि बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाचा पोलीस, तोच आहे. म्हणून त्या दिवशी तक्रार केलीच नाही आम्ही. फक्त तिच्या फोनमधले रात्री पावणेअकरा ते दीड या वेळात ठाण्याच्या नंबरला लावलेले सहा कॉल दिसत होते, त्याचा स्क्रीनशॉट घेतला, सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपर काढला, कानाचा फोटो काढला, आणि मी घरी येऊन एका कोऱ्या वहीत तारीख टाकून सगळं लिहिलं. पहिली नोंद ती.

नंतर हळूहळू कळत गेलं की 'उचलला' हा शब्द अख्ख्या गावाच्या तोंडात आहे पण कायद्यात असलं काही नाहीच. कायद्यात अटक आहे. अटक नको असेल तर हजर राहण्याची नोटीस आहे, आधीच्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम ४१ अ होती, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी बोलवायचं, आणि बाईमाणसाला तर तिच्या घराबाहेर कुठं बोलवताच येत नाही, चौकशी तिच्या घरी येऊन करायची. अटक केली तर कुणी केली त्याची नावपट्टी दिसली पाहिजे, अटकेचा मेमो पाहिजे, त्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या कुणाची तरी सही पाहिजे, नातेवाईकाला कळवलं पाहिजे, डायरीत नोंद पाहिजे. हे सगळं सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्येच सांगितलंय. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं हे तर थेट घटनेतच. म्हणजे बघा, कोर्टानं सांगितलेल्यातल्या निम्म्या गोष्टी कागदाच्याच आहेत. मेमो, सही, नोंद, कळवणं. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला मारहाण कुठं होते हे बरोबर माहीत होतं, ती नोंद न झालेल्या वेळात होते.

म्हणून आमच्या वहीचे रकानेही तसेच पडत गेले. तारीख, वेळ, जागा, किती जण आले, वर्दीत की साध्या कपड्यात, नावपट्टी दिसली का, गाडीचा नंबर, कागद दाखवला का, घरच्यांना कोणी आणि कसं कळवलं, किती वाजता सोडलं, दवाखाना, आणि शेवटी घरच्यांना काय हवंय. हा शेवटचा रकाना वकीलताईनं भांडून घालायला लावला. आम्हा बाकीच्यांना लगेच मोर्चा दिसायला लागतो, आणि ज्याच्यावर बेतलंय त्याला कधीकधी फक्त आपला मोबाईल परत हवा असतो.

नियम दोनच केले. ऐकीव गोष्ट पेन्सिलनं लिहायची, प्रत्यक्ष पाहिलेली पेननं. आणि 'अन्याय', 'अत्याचार', 'दडपशाही' हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. 'उजव्या कानाखाली दोन चापट्या, डाव्या मांडीवर पट्टा, तीन वेळा' असं लिहायचं. मास्तरांना हे फार जड गेलं, त्यांची भाषा मुळात सभेची, पण आता तेच पोरांना ओरडतात, "विशेषणं काढ रे, आकडे सांग."

एक खोटी केस पण आली होती, सांगून टाकते. एका माणसाचं गाडी लावण्यावरून एका शिपायाशी वाजलेलं, तो मारलं मारलं म्हणत आला, दोन दिवसांनी त्याच्याच भावानं सांगितलं की असं काही झालंच नाही. आम्ही ती नोंद खोडली नाही, त्यावर आडवी रेघ मारून 'तथ्य आढळलं नाही' लिहून तिघांनी सह्या केल्या. मला स्वतःला त्या पानाचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय, कारण वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटायला गेलो की 'तुम्ही काय, येईल त्याचं ऐकता' हे वाक्य येतंच, मग मी ते पान उघडते.

आता वस्तीतली पोरं विचारतात, ताई एवढं लिहून होतं काय? तेव्हा मी मथुरा प्रकरण सांगते. आमच्या पिढीला निदान ऐकून तरी माहिती आहे, ह्यांना नाव पण नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर झालेला बलात्कार, आरोपी दोन पोलीस, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. सेशन्स कोर्टानं सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पत्र म्हणजे शेवटी कागदच. पण ते हातोहात फिरलं, त्यावरून बायका एकत्र आल्या, १९८० मध्ये शहराशहरांतून मोर्चे निघाले, मुंबईत त्यासाठी एक मंचच उभा राहिला, आणि १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला आणि अशा प्रकरणात बाई म्हणतेय माझी संमती नव्हती तर कोर्टानं ते धरून चालायचं असं आलं. ते दोघे सुटले ते सुटलेच. त्या मुलीच्या वाट्याला काहीच आलं नाही, हे पण सांगते मी पोरांना, लपवत नाही.

बरं, मग पोलिसांवर तक्रार करायची तर कुणाकडं? पोलिसांकडंच. आमच्याकडच्या बायका म्हणतात ना, सासूची तक्रार सासऱ्याकडं, तसलाच प्रकार. ह्यावर उपाय म्हणून २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंग खटल्याचा निकाल आला. गंमत म्हणजे हे प्रकाश सिंग स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले, याचिका केली १९९६ ला, निकाल लागायला दहा वर्षं. कोर्टानं सात गोष्टी करायला सांगितल्या, त्यातली एक, राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, आणि त्यांची शिफारस पोलीस खात्यावर बंधनकारक.

आपल्याकडं महाराष्ट्रात हे आलं २०१४ च्या दुरुस्तीनं, पोलीस अधिनियमातली २२ ची उपकलमं. आलं ते कसं? जिल्ह्याच्या जागी विभागीय पातळी धरली. प्राधिकरणाचा अहवाल जातो सरकारकडं आणि अपवादात्मक परिस्थितीत सरकार कारण देऊन तो बाजूला ठेवू शकतं. आणि आत पोलीस खात्यातले लोक पण बसलेत. म्हणजे बंधनकारकचं झालं विचारार्थ सादर. तरी पण, आणि हे मी मनापासून म्हणतेय, आहे ते काही कमी नाही. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, प्रक्रिया न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर, एवढ्या गोष्टींची तक्रार तिथं करता येते, दिवाणी कोर्टासारखं समन्स काढायचा अधिकार आहे त्यांना. माझं दुखणं वेगळंच आहे. ती यादी परत वाचा. आमच्या तीन वह्यांतल्या बहुतेक नोंदी त्यात बसतच नाहीत! कानाखाली एक, आईवरून शिवी, गाडीची चावी काढून घेऊन दोन तास उभं करणं, एफआयआरच्या जागी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन बोळवण, बाईला 'तू कशाला गेली होतीस तिकडं'. ह्यातलं एकेक 'गंभीर' नाही. पण एकाच पोराला वर्षात सात वेळा झालं तर? ते सात वेळा झालं हे सांगणारा कागद सरकारात कुठंच नाही, तो फक्त आमच्याकडं आहे.

हे दुखणं आपलंच आहे असं पण नाही. न्यूयॉर्कचं वाचलं तेव्हा मला बरंच हलकं वाटलं. तिथं १९५३ ला मंडळ झालं ते पोलीस खात्यातलंच, खात्याची माणसं खात्याच्या तक्रारी बघणार. १९६६ ला महापौर लिंडसे यांनी त्यात बाहेरचे नागरिक घातले तर पोलिसांच्या संघटनेनं सार्वमत घ्यायला लावलं आणि लोकांनीच ते नागरिक काढून टाकले, मोठ्या फरकानं. लोकांनीच हो! पूर्ण नागरिकांचं मंडळ व्हायला १९९३ उजाडलं, त्याच्या आदल्या वर्षी हजारो पोलीस ड्युटी नसताना सिटी हॉलवर चालून गेले होते, हे होऊ नये म्हणून. आणि एवढं होऊनही मंडळ शिफारस करतं, शिक्षेचं शेवटी पोलीस आयुक्तच ठरवतात. शिकागोमध्ये २०२३ पासून प्रत्येक पोलीस जिल्ह्यात तीन-तीन माणसं चक्क निवडून देतात, बावीस जिल्हे, सहासष्ट माणसं. ते वाचून मास्तर आठवडाभर 'आपण पण निवडणूक' करत होते, त्यांना म्हटलं आधी आपल्या मीटिंगला सहासष्ट सोडा, सोळा माणसं आणा.

प्राधिकरणात आम्ही एकच तक्रार चालवलीये आतापर्यंत, दुसऱ्या वहीतली. बेकायदा डांबून ठेवल्याची, मुलगा वेगळा, प्रकार तोच. शपथपत्र, केसपेपर, कॉलचे स्क्रीनशॉट, सगळं जोडून. पोच घेतली, आवकचा शिक्का दोन्ही प्रतींवर मारून घेतला (एका प्रतीवर मारून देत होते, मी हलले नाही). मला वाटायचं अवघड भाग म्हणजे सुनावणी. अवघड भाग निघाला मधला काळ. तारीख लागेपर्यंतच्या महिन्यांत काहीच झालं नाही असं कागदावर दिसतं, प्रत्यक्षात बीटचा माणूस दर पंधरा दिवसांनी त्यांच्या दारावरून जाणार, 'काय मग, बरंय ना सगळं' म्हणणार, पोराच्या कारखान्यात कुणीतरी सहज चौकशी करून जाणार, नगरसेवकाचा कार्यकर्ता येऊन 'मिटवून घ्या' म्हणणार. एकही गोष्ट तक्रार करण्याजोगी नाही. धमकी कुठं आहे त्यात? नाहीच. तरी ते घर रात्री झोपत नव्हतं.

दुसऱ्या तारखेला पोरगा आलाच नाही. मी, वकीलताई, मास्तर, तिघं जाऊन बसलो आणि तारीख घेऊन आलो. मला इतका राग आला होता त्याचा, एवढं केलं आणि हा येत नाही. परतताना वकीलताई म्हणाली, तू त्याच्या घरी शेवटची कधी गेलीस? मी वहीत बघितलं. दोन महिने. तेव्हा पासून पद्धत केली, तक्रार दाखल झाली की बचत गटातल्या दोन बायका आळीपाळीनं दर आठवड्याला त्या घरी जाऊन बसणार. काही करायचं नाही, मटार सोलायचे असतील तर सोलायचे, मालिका चालू असेल तर बघायची. बीटवाल्याला दारात चार चपला जास्त दिसल्या पाहिजेत एवढंच. तिसऱ्या तारखेला पोरगा आला, आई पण आली, आणि आईच जास्त बोलली. निकाल अजून नाही, त्यामुळे त्याबद्दल इथं लिहीत नाही.

लोकांना वाटतं आम्ही पोलिसांच्या विरोधात आहोत. वस्तीतच एक हवालदार राहतात, बारा-बारा तासांची ड्युटी, बंदोबस्त लागला की चार दिवस घरी नाही, आणि पोलिसांना युनियन करायची तर सोय नाही, त्यावर १९६६ चा कायदाच आहे. ते मागं नळावर भेटले तर म्हणाले, "तुमच्या त्या वहीनं ताप झालाय आम्हाला, आता रात्री कुणाला आणलं तर साहेब म्हणतात आधी डायरी भरा, ते वहीवाले येतील." मी हसले, ते पण हसले, मग जरा थांबून म्हणाले, तशी आमच्या साहेबांवर पण कुणीतरी वही ठेवायला पाहिजे. आणि बादली उचलून गेले. हे मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय.

सध्या आमचं चाललंय सीसीटीव्हीचं. २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आत यायचं दार, बाहेर जायचं दार, लॉकअप, बोळ, सगळीकडं कॅमेरे, आवाजासकट, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं. देखरेखीला जिल्हा समिती, आणि त्या समितीत कलेक्टर, एसपी यांच्याबरोबर महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष अशी लोकांतून आलेली व्यक्ती पण घ्यायची. म्हणजे पोलीस ठाण्याच्या कॅमेऱ्यावर नागरिकांची नजर हे आपल्याकडं कोर्टाच्या आदेशात लिहून पडलंय. आणि मोबाईलवर शूटिंग केलं तर सरकारी गुपितांच्या कायद्याखाली आत टाकू म्हणतात ना, त्यावरही २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं सांगून टाकलंय की पोलीस ठाणं ही त्या कायद्यातली निषिद्ध जागा नाही. हे वाक्य आम्ही छापून लॅमिनेट करून दिलंय पोरांना, तरी जपून रे बाबांनो, हुज्जत घालायला वापरू नका, असं पण बजावलंय.

तर तिसऱ्या वहीतल्या एका नोंदीसाठी, रात्री सव्वाअकरा ते पावणेतीन, आम्ही माहिती अधिकारात त्या साडेतीन तासांचं फुटेज मागितलं. दहा रुपयांचा स्टॅम्प, दीडशे शब्दांत अर्ज, एकच विषय. उत्तर आलं बरोबर एकोणतिसाव्या दिवशी, दोन ओळी. सदर दिवशी कॅमेऱ्यात तांत्रिक बिघाड असल्याने चित्रीकरण उपलब्ध नाही.

मीटिंगमध्ये सगळ्यांची तोंडं पडली. मास्तर म्हणाले अपील करू, वीस रुपयांचं तिकीट लावून, त्यांनी भाषण पण सुरू केलं होतं. अपील तर केलंच आम्ही. पण मला त्या दोन ओळी वाचून ऑफिसमधलाच वास आला. बिघाड झाला म्हणजे कुणीतरी कळवला असणार, लॉगबुकात पडला असणार. दुरुस्तीला माणूस आला असणार, त्यानं जॉबशीट भरली असणार, बिल लावलं असणार, ते पास झालं असणार. देखभालीचं कंत्राट असेल तर किती दिवसांत दुरुस्त करायचं आणि उशिराला दंड किती हे पण लिहिलं असणार. आणि बिघाड झालाच नसेल तर ह्यातलं काहीच नसणार.

दुसरा अर्ज मी त्याच रात्री लिहिला. सदर बिघाडाची नोंद, तक्रार केल्याचा दिनांक, दुरुस्तीचा दिनांक, जॉबशीट आणि बिलाची छायांकित प्रत. एकशे सहा शब्द झाले. सोमवारी पोस्टात टाकलाय, पावती वहीला टाचलीये. आज अकरावा दिवस.